प्रिंट कोणाच्या नावाने?

‘प्रिंट निघत नाही’ ही तक्रार तीन शब्दांची असते आणि सांगणाऱ्याला ती पुरेशी वाटते. दुरुस्त करायला आलेल्याला त्यातून फारसे काही कळत नाही. कागद अडकला असेल, तार निघाली असेल, ड्रायव्हर बिघडला असेल, किंवा यंत्र धडधाकट असूनही समोर बसलेल्या माणसाला ते वापरायची परवानगीच नसेल. खुर्चीतून पाहणाऱ्याला हे चारही प्रकार सारखेच दिसतात: बटण दाबले आणि काहीच झाले नाही. पहिल्या दोहोंचा इलाज डोळ्यांना सापडतो. ड्रायव्हर आणि परवानगी मात्र संगणकाच्या पोटात असतात, एकमेकांत गुंतलेले असतात, आणि कार्यालयाची आख्खी दुपार त्यांच्यातच जाते.

बटण दाबल्यापासून कागद हातात येईपर्यंतचा रस्ता आधी समजून घ्यावा लागतो. वर्डमधले पत्र किंवा एक्सेलमधला तक्ता त्या त्या सॉफ्टवेअरच्या बोलीत असतो. प्रिंटरला ती बोली येत नाही. ड्रायव्हर हा मधला दुभाषी. कागद केवढा, समास किती, कुठे काळे आणि कुठे कोरे, हे तो प्रिंटरला समजेल अशा आज्ञांमध्ये मांडतो. स्पूलर नावाची सेवा आलेली कामे रांगेत लावते आणि पाळी आली की एकेक काम पोर्टमधून पुढे पाठवते. पोर्ट म्हणजे यूएसबीची तार किंवा नेटवर्कवरचा पत्ता. या रस्त्यावरच्या नाक्यांवर दोन प्रश्न विचारले जातात. हे काम पुढे कसे न्यायचे, हा एक. आणि हे काम कोणाचे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ड्रायव्हरकडे असते, दुसऱ्याचे परवानगीकडे. दुरुस्ती करणाऱ्याने आपल्यासमोर यांपैकी कोणता प्रश्न अडला आहे हे आधी ठरवले, तर निम्मे काम तिथेच होते.

सगळ्या प्रिंटरांची भाषा एक नाही. ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट १९८४ची. त्याच वर्षी एचपीचा पहिला लेझरजेट बाजारात आला, तो पीसीएल ही स्वतःची भाषा घेऊन. या भाषा जाणणाऱ्या प्रिंटरांच्या आत एक छोटा संगणकच असतो आणि पान मांडण्याचे काम तो स्वतः करतो. आपल्याकडच्या कार्यालयांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत वर्षानुवर्षे राबलेले एचपी लेझरजेट १०२० किंवा कॅननचा एलबीपी २९०० हे प्रिंटर वेगळ्या जातीचे. किंमत आवाक्यात ठेवण्यासाठी त्यांच्या आत फारसे काही ठेवलेले नाही; पानाचे सगळे चित्र संगणकानेच तयार करून द्यायचे आणि यांनी ते फक्त कागदावर उमटवायचे. १०२० तर वीज गेली की स्वतःचे फर्मवेअरसुद्धा विसरतो. पुन्हा चालू केला की ड्रायव्हर ते यूएसबीमधून त्याला नव्याने देतो. म्हणून ड्रायव्हर बिघडला की हा प्रिंटर दिवा लावून नुसता बसून राहतो. लोक टोनर काढून हलवतात, कागद पुन्हा लावतात, झाकण उघडून मिटतात, आणि दोष तारेच्या दुसऱ्या टोकाला असतो.

याच जातीत आणखी एक हमखास दिसणारा प्रकार आहे. टेबल पुसताना कोणीतरी प्रिंटरची तार काढते आणि परत लावताना शेजारच्या भोकात लावते. विंडोजला वाटते, नवा प्रिंटर आला. यादीत त्याच नावापुढे ‘कॉपी १’ लिहिलेली दुसरी नोंद तयार होते. सॉफ्टवेअर मात्र जुन्याच नोंदीकडे काम पाठवत राहते, जुनी नोंद आता रिकाम्या पोर्टकडे पाहत असते, आणि रांगेत कामांवर कामे साचतात. अशा वेळी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकायची काहीच गरज नसते. तार पूर्वीच्या जागी लावावी, किंवा जुन्या नोंदीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन पोर्ट बदलावा. दोन मिनिटांचे काम आहे, पण निदान चुकले की त्याला अर्धा दिवस लागतो.

ड्रायव्हर कोणाच्या हातात असावा, या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत १९८०च्या आसपास झेरॉक्स कंपनीचा एक नवा लेझर प्रिंटर आला. तिथे काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये एक साधी सोय करून ठेवली होती: कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप जाई आणि कोणीतरी उठून तो सोडवी. नव्या प्रिंटरचा मूळ प्रोग्राम प्रयोगशाळेला मिळालाच नाही, त्यामुळे ती सोय करता येईना. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एकाकडे तो होता, म्हणून स्टॉलमन तिथे मागायला गेले. पण त्याने गुप्ततेचा करार केलेला होता, त्याने नकार दिला. पुढे सप्टेंबर १९८३मध्ये स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली. आपल्या हातातल्या यंत्राचा दुभाषी दुसऱ्याच्या कुलपात असला तर काय होते, हे त्या नकारातून त्यांना कळले होते. तीच अडचण आजही सरकारी आणि सहकारी कार्यालयांत वेगळ्या रूपाने येते. प्रिंटर ठणठणीत असतो, पण नव्या ६४ बिटांच्या विंडोजसाठी कंपनीने त्याचा ड्रायव्हर काढलेलाच नसतो. मग चांगले यंत्र निर्लेखनाच्या यादीत जाते.

ड्रायव्हरचा बिघाड आणि स्पूलरचा बिघाड यांतला फरक ओळखणे अवघड नाही. स्पूल म्हणजे रीळ. कामे धाग्यासारखी एकामागून एक गुंडाळून ठेवायची जागा म्हणजे सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टिम३२, स्पूल असे एकेक फोल्डर उघडत गेल्यावर लागणारे ‘प्रिंटर्स’ हे फोल्डर. प्रत्येक कामाच्या दोन फायली तिथे पडतात. ‘एसपीएल’ शेपटीच्या फायलीत छापायचा मजकूर असतो आणि ‘एसएचडी’ शेपटीच्या फायलीत ते काम कोणाचे, किती प्रती, कोणत्या प्रिंटरवर ही माहिती. यातली एखादी फाईल अर्धवट लिहिली गेली की रांग तिथेच थांबते. पडद्यावर ‘डिलीटिंग’ असा शब्द तासन्‌तास दिसतो आणि मागच्या सगळ्यांची कामे खोळंबतात. इलाज ठरलेला आहे: स्पूलर सेवा थांबवायची, त्या फोल्डरमधल्या फायली काढायच्या, सेवा पुन्हा चालू करायची. यात सर्वांचीच रांगेतली कामे जातात, म्हणून आधी खोलीत एकदा विचारून घेणे बरे. एवढे करूनही त्याच प्रिंटरवर पहिलेच काम पाठवताक्षणी स्पूलर पुन्हा बंद पडला, तर दोष ड्रायव्हरचा. मग तो प्रिंट सर्व्हरच्या प्रॉपर्टीजमधून पॅकेजसकट काढावा लागतो. नुसता यादीतला प्रिंटर पुसला तर जुना ड्रायव्हर गोदामात तसाच राहतो आणि पुढच्या जोडणीला विंडोज तोच काढून देते. चार-चार वेळा ‘ड्रायव्हर टाकूनही’ फरक न पडण्याचे नेहमीचे कारण हेच.

एका ड्रायव्हरने सगळ्यांना खाली ओढू नये म्हणून विंडोजची घडण हळूहळू बदलत गेली. १९९६च्या विंडोज एनटी ४.०मध्ये प्रिंटरचे ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्यात चालत. एक कोसळला की सारा संगणक निळा पडदा दाखवून बंद पडे. विंडोज २०००पासून ते बाहेर आले. २००९च्या विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर२मध्ये ड्रायव्हरला स्पूलरपासूनही वेगळ्या खोलीत बसवण्याची सोय झाली. बिघाडाला भिंत घालण्याचे हे काम चांगलेच झाले. पण गाभ्यातून बाहेर आलेला ड्रायव्हरही स्पूलरच्याच देखरेखीखाली राहिला, आणि स्पूलर ‘लोकल सिस्टिम’ या खात्याने चालतो. संगणकावर याहून मोठा अधिकार व्यवस्थापकालासुद्धा, म्हणजे ॲडमिनलासुद्धा, नसतो. परवानगीचा प्रश्न इथून सुरू होतो.

तालुक्याच्या गावातल्या एखाद्या पतसंस्थेत मार्चअखेरीला दिसणारे दृश्य घ्यावे. कर्ज फेडलेला सभासद बेबाकी दाखल्यासाठी काउंटरपाशी उभा आहे. नेहमीच्या मॅडम वसुलीच्या बैठकीला गेल्या आहेत, म्हणून दुसऱ्या लिपिकबाई त्यांच्या मशीनवर बसल्या आहेत. त्यांनी स्वतःच्या नावाने लॉगिन केले, दाखला तयार केला, प्रिंट द्यायला गेल्या, तर यादीत पीडीएफ आणि फॅक्स एवढेच. प्रिंटर नाहीच. हार्डवेअरवाल्याला फोन जातो: “सर, सकाळी याच मशीनवरून मॅडमनी प्रिंटा काढल्यात हो. मी लॉगिन केलं तर प्रिंटरच गायब.” पलीकडचा माणूस जाणता असेल तर तो ‘बंद करून चालू करा’ म्हणत नाही. तो विचारतो, “ताई, मॅडमच्या लॉगिनमध्ये अजून दिसतोय का?”

या एका प्रश्नात निदान होते. दुसऱ्या संगणकावर किंवा सर्व्हरवर शेअर केलेला प्रिंटर जोडला, की विंडोज ती जोडणी मशीनच्या खात्यावर न लिहिता त्या माणसाच्या खात्यावर लिहिते. एकाच टेबलावर, एकाच तारेवर बसलेल्या दोघींपैकी एकीला प्रिंटर आहे आणि दुसरीला नाही, हे वरकरणी चमत्कारिक असले तरी संगणकाच्या हिशेबात अगदी बरोबर आहे. ‘डिफॉल्ट’ प्रिंटरही असाच माणसागणिक वेगळा. त्यात विंडोज १०च्या नोव्हेंबर २०१५च्या आवृत्तीपासून शेवटी वापरलेला प्रिंटर आपोआप डिफॉल्ट करायची सवय लागली, त्यामुळे काल पीडीएफ काढलेल्या माणसाची आजची प्रिंट कागदावर न येता फाईल होऊन बसते. प्रिंटरला नेटवर्कवर स्वतःचा पत्ता असेल, तर व्यवस्थापकाच्या खात्याने एकदाच त्या पत्त्यावर तो मशीनला जोडावा. मग लॉगिन कोणाचेही असो, तो सगळ्यांना दिसतो. शेअर केलेल्या प्रिंटरची जोडणीही आख्ख्या मशीनसाठी करता येते, फक्त ती मुद्दाम करावी लागते.

घाईच्या वेळी या दुखण्यावर दुसराच उपाय होतो. “माझाच पासवर्ड टाका आणि काढा,” असे बैठकीतून मॅडम फोनवर सांगतात. प्रिंट निघते, सभासद जातो, आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटतो. हा उपाय वाईट आहे. पैशाचे व्यवहार करणाऱ्या संस्थेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती मंजूर करायची, या मेकर-चेकरच्या रिवाजावर सारी भिस्त असते. प्रिंटरपायी पासवर्ड एक झाला की मेकर आणि चेकर दोघेही एकच माणूस होतात. लेखापरीक्षणात वर्षभरानंतर एखादी नोंद निघते, तिच्यापुढे मॅडमचे नाव असते, आणि त्या दिवशी मॅडम बैठकीत होत्या. अडलेला कागद एका मिनिटाने आधी निघावा म्हणून एका निरपराध बाईच्या नावावर संशय यावा, ही किंमत कोणत्याही दाखल्यापेक्षा मोठी आहे.

प्रिंटर दिसतो पण ‘ॲक्सेस डिनाइड’ असे उत्तर येते, तेव्हा प्रॉपर्टीजमधला ‘सिक्युरिटी’चा भाग उघडावा. तिथे तीन वेगवेगळे हक्क असतात: छापणे, कागदपत्रांची रांग सांभाळणे आणि प्रिंटरचीच व्यवस्था पाहणे. हे सगळेच हक्क एकात एक बसवलेले नाहीत. रांग सांभाळण्याचा हक्क दिला म्हणून छापण्याचा आपोआप मिळत नाही. नव्या प्रिंटरवर सहसा छापण्याचा हक्क सर्वांना असतो, आणि ज्याने काम पाठवले त्याला ते स्वतःचे काम रद्द करता येते. म्हणून शिपायाने चुकून दिलेल्या शंभर प्रती शेजारच्या टेबलावरून थांबवता येत नाहीत; थांबवणारा तोच शिपाई किंवा व्यवस्थापक हवा. एखाद्या गटाला ‘डिनाय’ केलेले असेल, तर दुसऱ्या गटातून मिळालेला हक्क त्याला ओलांडू शकत नाही. मात्र हे सगळे तपासूनही गोंधळ उरतो, आणि त्याचे कारण बहुधा टोकनमध्ये असते. लॉगिन करताना माणसाला त्याच्या गटांची नोंद असलेले एक ओळखपत्र मिळते, आणि लॉगआउट होईपर्यंत तेच चालते. सकाळी लॉगिन केलेल्या लिपिकाला दुपारी लेखा विभागाच्या गटात घातले, तरी त्याच्या खिशातले ओळखपत्र सकाळचेच. त्याने एकदा बाहेर पडून पुन्हा आत यायला हवे. हे न सुचल्याने दुरुस्ती करणारे हक्कांवर हक्क वाढवत जातात, आणि संध्याकाळी मशीन बंद होऊन सकाळी चालू झाले की सगळे सुरळीत होते. मग कालच्या कोणत्या उपायाने गुण आला, हे कोणालाच सांगता येत नाही, आणि जादा दिलेले हक्क तसेच राहून जातात.

स्पूलरच्या मोठ्या अधिकाराची किंमत जगाने दोनदा मोजली. २०१०मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या किड्याने पसरण्यासाठी ज्या वाटा वापरल्या, त्यांत एक स्पूलरची होती: शेअर केलेल्या प्रिंटरला पाठवलेल्या कामाच्या मिषाने तो दुसऱ्या संगणकाच्या यंत्रणेच्या फोल्डरमध्ये फाईल लिहीत असे. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती वाट बुजवली. दुसरा प्रसंग २०२१चा, ‘प्रिंटनाइटमेअर’ या नावाने ओळखला गेलेला. साधे लॉगिन असलेला कोणीही माणूस प्रिंटरचा ड्रायव्हर म्हणून हवा तो प्रोग्राम स्पूलरच्या हाती देऊ शकत होता, आणि स्पूलर तो यंत्रणेच्या सर्वोच्च अधिकाराने चालवत होता. जूनच्या अखेरीस हे तंत्र जगजाहीर झाले. ६ जुलै २०२१ला मायक्रोसॉफ्टने नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर तातडीची दुरुस्ती दिली; विंडोज ७ला जानेवारी २०२०मध्येच निरोप दिलेला होता, तरी त्यालाही दिली.

कार्यालयांना खरा बदल जाणवला तो १० ऑगस्टच्या अपडेटनंतर. तोवर शेअर केलेल्या प्रिंटरवर दोनदा क्लिक केले की सर्व्हरवरून ड्रायव्हर आपोआप उतरत असे आणि साध्या लिपिकालाही ते जमत असे. आता ड्रायव्हर टाकायला किंवा बदलायला व्यवस्थापकाचा हक्क लागू लागला. सकाळी मशीन चालू करताच ‘या प्रिंटरवर विश्वास आहे का?’ अशी इंग्रजी पाटी आणि तिच्याखाली पासवर्डची मागणी. सप्टेंबरच्या अपडेटने त्यात भर घातली. सर्व्हर आणि मशीन यांच्यातले बोलणे अधिक सुरक्षित करण्याची सक्ती झाली, आणि जिथे एकाच बाजूला अपडेट झाले होते तिथे ‘११बी’ने संपणारा एरर येऊ लागला. काल चालणारा प्रिंटर आज कोणी हात न लावता बंद पडला, असे सांगणारे त्या दिवसांत खरेच बोलत होते.

त्यावर बऱ्याच ठिकाणी रजिस्ट्रीत एका नोंदीचे शून्य करून हे बंधन उठवले गेले, किंवा सरसकट सगळ्यांना ॲडमिन केले गेले. दोन्ही उपायांनी प्रिंट निघते, आणि दोन्हींनी मूळ दार पुन्हा सताड उघडते. प्रत्येकाला आपल्या कामापुरताच हक्क असावा, हे तत्त्व जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात मांडले, तेव्हा टेबलावरचा संगणक जवळजवळ नव्हताच. आज ते जास्तच लागू पडते, कारण ॲडमिन असलेल्या लिपिकाने उघडलेली विषारी ईमेलही ॲडमिन होते. खरा उपाय थोडा कष्टाचा आहे: लागणारा ड्रायव्हर प्रत्येक मशीनवर व्यवस्थापकाने आधीच टाकून ठेवायचा, सर्व्हर आणि मशीन दोन्हींवर त्याची आवृत्ती एकच ठेवायची, दोन्हीकडचे अपडेट बरोबर करायचे. ड्रायव्हर आधीच हजर असला की जोडणीच्या वेळी कोणी पासवर्ड मागत नाही. तसेच स्पूलच्या फोल्डरला ‘एव्हरीवन’ म्हणून पूर्ण हक्क देऊन टाकण्याचा मोह आवरावा. त्या एसपीएल फायलींत मजकूर असतो. आस्थापना विभागाने छापायला दिलेले वेतनपत्रक किंवा गोपनीय अहवाल रांगेत असेपर्यंत तिथून कोणालाही उचलता येतो.

जिथे सर्व्हर नाही, एका मशीनला यूएसबीने प्रिंटर लावून बाकीच्यांना शेअर केला आहे, तिथे परवानगीचा घोळ वेगळा असतो. शेजारचे मशीन छापायला सांगते तेव्हा यजमान मशीन आधी त्याची ओळख विचारते. त्या ओळखीचा पासवर्ड क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये साठवलेला असतो. यजमान मशीनच्या मालकाने आपला पासवर्ड बदलला की शेजाऱ्याचा प्रिंटर मुका होतो, आणि पडद्यावर प्रिंटरविषयीच तक्रार दिसत असल्याने पासवर्डकडे कोणाचे लक्षच जात नाही. पूर्वी अशा ठिकाणी ‘गेस्ट’ म्हणून बिनओळखीचा प्रवेश चाले. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीने ती वाट मूळ मांडणीतच बंद केली, त्यामुळे नवे मशीन घेतले आणि जुना प्रिंटर गेला, असे अनेकांना वाटले. शेअरिंगसाठी यजमान मशीनवर एक वेगळे साधे खाते करावे, छापण्यापलीकडे त्याला काही देऊ नये. शक्य असेल तर नेटवर्कचा प्रिंटर घेऊन त्याला कायमचा आयपी पत्ता द्यावा. पत्ता कायमचा नसेल तर राउटर बंद-चालू झाल्यावर तो बदलू शकतो, आणि यादीत ‘ऑफलाइन’ येते. पत्ता बरोबर असून, पिंगला उत्तर मिळत असूनही ऑफलाइन दिसले, तर पोर्टच्या मांडणीतली ‘एसएनएमपी स्टेटस’ची खूण काढून पाहावी, कित्येक प्रिंटर त्या विचारणेला उत्तर देत नाहीत आणि विंडोज त्यांना गैरहजर मांडते.

पतसंस्था, बाजार समित्या, जुनी किराणा दुकाने यांच्याकडे फॉक्सप्रोत लिहिलेली सॉफ्टवेअर अजून सापडतात, आणि त्यांच्याशेजारी टीव्हीएसचा डॉट मॅट्रिक्स. हे प्रोग्राम एलपीटी१ या समांतर पोर्टलाच ओळखतात, आणि नव्या मशीनवर तो पोर्ट नसतो. मग यूएसबीचा प्रिंटर शेअर करून ‘नेट यूज’ या आज्ञेने एलपीटी१चे नाव त्याला जोडून देतात. युक्ती चांगली आहे, पण ही जोडणीही लॉगिनपुरतीच असते. सॉफ्टवेअर ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडले तर ते दुसऱ्या अधिकाराने चालते, आणि साध्या लॉगिनमध्ये केलेली जोडणी त्याला दिसत नाही. म्हणजे जास्त हक्क दिल्यामुळे प्रिंट बंद पडते. त्याहून फसवा प्रकार प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवलेल्या जुन्या ३२ बिटांच्या सॉफ्टवेअरचा. छापण्याआधी ते आपल्याच फोल्डरमध्ये एक मजकुराची फाईल लिहिते. व्हिस्टापासून साध्या खात्याला तिथे लिहिता येत नाही. विंडोज गुपचूप ती फाईल त्या माणसाच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या फोल्डरमध्ये वळवते. अशा वेळी एकाच मशीनवर दोन लॉगिनना एकाच फाईलच्या दोन प्रती दिसतात आणि आजच्या तारखेला कालची खतावणी छापून येते. ते सॉफ्टवेअर प्रोग्राम फाइल्सबाहेर हलवावे आणि ते वापरणाऱ्या गटाला तेवढ्याच फोल्डरवर लिहिण्याचा हक्क द्यावा.

मराठी मजकुराची एक अडचण यात वेगळी मोजावी लागते. पडद्यावर स्वच्छ दिसणारे पत्र कागदावर चौकोन किंवा भलतीच अक्षरे होऊन येते. श्री-लिपी किंवा सीडॅकच्या जुन्या फॉन्टमधली फाईल असेल, तर तो फॉन्ट त्या मशीनवर हवाच. विंडोज १०च्या २०१८मधल्या १८०९ आवृत्तीपासून साधा माणूसही फॉन्ट टाकू शकतो, मात्र तो त्याच्यापुरताच बसतो; सगळ्यांसाठी बसवायला पुन्हा व्यवस्थापक लागतो. पीडीएफमध्ये असे झाले, तर छपाईच्या खिडकीतला ‘प्रिंट ॲज इमेज’ हा पर्याय निवडला की अक्षरांऐवजी पानाचे चित्रच प्रिंटरकडे जाते आणि जोडाक्षरे शाबूत राहतात.

ड्रायव्हरचा हा सगळा पसारा आता आवरत चालला आहे. आयपीपी नावाची सामायिक छपाईची रीत प्रिंटरांत रुळली. मायकल स्वीट यांनी लिहिलेली आणि १९९९मध्ये बाहेर आलेली कप्स ही प्रणाली तिच्यावर उभी होती. तीच पुढे मॅक आणि लिनक्सची छपाई सांभाळू लागली. मायक्रोसॉफ्टनेही सप्टेंबर २०२३मध्ये जाहीर केले की कंपन्यांचे वेगवेगळे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणे टप्प्याटप्प्याने थांबवले जाईल आणि विंडोजमधला एकच सामायिक ड्रायव्हर पुढे येईल. विंडोज ११च्या २४एच२मध्ये तर बाहेरचा ड्रायव्हर अजिबात न वापरण्याची संरक्षित छपाईची रीत आहे. नवा प्रिंटर घेताना ही सोय असलेला घ्यावा, कारण जिथे बाहेरचा ड्रायव्हरच नाही, तिथे तो टाकण्याची परवानगीही कोणी मागत नाही. १०२० आणि २९००सारख्या यंत्रांना मात्र ही भाषा येत नाही. ती चालतील तोवर त्यांचे ड्रायव्हर सांभाळून ठेवावे लागतील.

दुरुस्ती झाल्यावर चाचणीचे पान कोणत्या लॉगिनमधून काढायचे, हा शेवटचा मुद्दा. दुरुस्त करणारा स्वतः ॲडमिन असतो. त्याच्या खात्यातून पान निघाले, याचा अर्थ तार, प्रिंटर आणि ड्रायव्हर ठीक आहेत एवढाच. परवानगीची चाचणी त्यात झालेलीच नसते. म्हणून जाणता माणूस आपल्या लॉगिनमधून बाहेर पडतो, खुर्ची रिकामी करतो आणि म्हणतो, “ताई, आता तुमच्या लॉगिनने काढून बघा.” ताई पासवर्ड टाकताना तो दुसरीकडे पाहतो. दाखला निघाला की प्रिंटर एकदा बंद करून चालू करतो, त्यांना लॉगआउट होऊन पुन्हा यायला सांगतो, आणि दुसरी प्रत काढायला लावतो. तीही निघाली की प्रिंटरच्या बाजूला एक लेबल चिकटवतो: आयपी पत्ता, ड्रायव्हरचे नाव आणि आवृत्ती, कोणत्या गटाला छपाईचा हक्क दिला ते, आणि आजची तारीख.